एकोणसत्तर कोरे रकाने

पीक कसं मोजतात ते शिकवायला मास्तर खरीखुरी दोरी घेऊन यायचे. दोरी, चार खुंट्या आणि वजनाचा एक जुना ताणकाटा. समोर बसलेले तीस जण काही शाळकरी पोरं नव्हती. कृषी खात्याचे, ग्रामविकासाचे, नियोजनाचे अधिकारी. कुणाचे केस पिकलेले, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या बोटांना सही करून करून घट्टे पडलेले. सहा आठवडे साहेबपण घरी ठेवून शिकायला आलेले. मास्तर त्यांना संस्थेच्या मागच्या मोकळ्या जागेत न्यायचे, दहा मीटर बाय पाच मीटरची चौकट आखायला लावायचे आणि आतलं गवत कापायला लावायचे.

"वाका, वाका. कमरेला जरा कळू द्या," ते ओरडायचे. "एवढ्याशा चौकटीवरून अख्ख्या जिल्ह्याचा उतारा ठरतो आणि उताऱ्यावरून तुम्ही धोरण ठरवता. खुर्चीत बसून फक्त समोरची खुर्ची दिसते."

देशात अशी संस्था ही एकच. ती निघण्याआधी शेतीचं काही ठरवायचं म्हटलं की बाहेरदेशीचे तज्ज्ञ यायचे. दोन महिने गेस्ट हाउसात राहायचे, चार गावं गाडीतून बघायचे आणि हातभर जाड अहवाल देऊन विमानात बसायचे. दुखणं आपलं, नाडी बघणारा दुसरा, आणि औषधाच्या बाटलीवरचं अक्षर कुणाला लागेल तर शपथ! आपल्याच माणसांनी मोजावं, आपल्याच माणसांनी विचार करावा, आयात थांबवली तर कुणाच्या ताटातलं काय कमी होईल हे मंत्र्याला आपल्याच भाषेत तोंडावर सांगावं, यासाठी संस्था काढली. मास्तर तिथे पहिल्या तुकडीपासून होते. आता एकविसावी तुकडी चालू होती आणि मास्तरांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

मास्तर काही मोठे शिकलेले नव्हते. अकरा वर्षं त्यांनी मोजणीदार म्हणून शेतं तुडवली. मग खात्याची परीक्षा देऊन टेबलावर आले. टेबलावर आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांच्यापुढे डोंगरपट्ट्याचे कागद आले. त्या पट्ट्यात सरकारी धान्य कोठार होतं. अडल्या महिन्यांत तिथून खायला धान्य मिळायचं, पेरणीला बियाणं मिळायचं. वरून प्रश्न असा आला होता की हे कोठार ठेवायचं की बंद करायचं. हेक्टरी नऊ क्विंटलच्या खाली उतारा असेल तर ठेवायचं, वर असेल तर बंद. मास्तरांनी महिनाभर डोळे फोडून हिशेब मांडला. उतारा आला अकरा पूर्णांक दोन. कोठार बंद झालं.

परक्या तज्ज्ञाशिवाय, आपल्या माणसानं केलेल्या हिशेबावर झालेला तो पहिला निर्णय. त्याचाच दाखला देऊन संस्थेला मंजुरी मिळाली. पुढे दर वर्षी तिसऱ्या आठवड्यात मास्तर तेच उदाहरण शिकवायचे. कागद तेच, विनोदही तेच. डोंगरपट्ट्याचा धडा म्हणजे मास्तरांचा हातखंडा.

आता त्यातली गोम अशी, की डोंगरपट्टा हे मास्तरीणबाईंचं माहेर.

कोठार बंद व्हायचं ठरलं तेव्हा तिचा थोरला भाऊ, दादा, दोन बस बदलून आला होता. जेवायला बसल्या बसल्या म्हणाला, "दाजी, तुमचं कोष्टक काय म्हणतंय ते म्हणू दे. आमच्याकडे या वर्षी पीकच नाही."

"तुम्हाला एक शेत दिसतं दादा," मास्तर म्हणाले. "मला अख्खा पट्टा दिसतो."

"अख्ख्या पट्ट्यात कोण कोण जेवतंय तेही दिसतं का?"

मास्तर गप्प बसले. बोलली ती बहीण. वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "दादा, यांनी कधी साधी रेघ वाकडी मारली नाही. आकडा कुठून वाकडा लिहितील? तुझं एकट्याचं रडगाणं घेऊन माझ्या नवऱ्याला खोटं पाडू नकोस."

दादा ताटावरून उठला. हात धुतले, चपला घातल्या. ती दाराशी गेली तेव्हा तो कोपऱ्यावरून वळत होता.

पुढच्या दोन वर्षांत त्यानं शेत पडीक टाकलं आणि बायकोला घेऊन लांबच्या शहरात कौलांच्या कारखान्यात कामाला गेला. बहिणीला पत्र नाही, फोन नाही. तीही हट्टाची. "त्यानं आधी यांची माफी मागावी," म्हणायची. आठ वर्षांपूर्वी तो वारला. तिला कळलं पाचव्या दिवशी, तेही तिसऱ्याच माणसाकडून. त्या दिवशीही ती शिवणयंत्रावर बसून शाळेचे गणवेश शिवत राहिली. फक्त एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

*

एकविसाव्या तुकडीत डोंगरपट्ट्याची एक पर्यवेक्षक बाई आली होती. चाळिशीची, आवाजानं बारीक, हाताखाली चाळीस मोजणीदार. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी तिचं नाव टाचणी ठेवलं, कारण तिचा प्रश्न दिसायला बारीक आणि बसला की हाय म्हणायला लावणारा. तिलाही ते आवडलं असावं. हात वर करून स्वतःच म्हणायची, "सर, टाचणी."

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मास्तरांनी डोंगरपट्ट्याचे कागद वाटले. सगळ्यांनी आकडे संगणकात भरले, बटण दाबलं.

"अकरा पूर्णांक दोन!" पुढच्या बाकावरचे पोट सुटलेले अधिकारी लॉटरी लागल्यासारखे ओरडले.

"शाबास. म्हणजे कोठाराचं काय?"

"बंद!" वर्ग एका सुरात.

"सर, टाचणी."

"टोच बाई."

"नमुन्याची शेतं किती ठरली होती?"

"दोनशे चाळीस."

"आणि वजन किती शेतांचं आहे?"

"एकशे एकाहत्तर."

"मग एकोणसत्तर गेली कुठे?"

हा प्रश्न वीस तुकड्यांत कुणी विचारला नव्हता असं नाही. मास्तरांकडे त्याचं उत्तर तयार असायचं. "डोंगर आहे तो. मोजणीदार पोचले नसतील. जे मिळालं त्यावर हिशेब."

"माझे वडील तिथेच मोजणीदार होते सर. त्यांच्या पायाला भिंगरी होती. घरी पोचायचे नाहीत, पण शेतात पोचायचे."

वर्ग हसला. मास्तरही हसले. ती हसली नाही. तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढला. आदल्या दिवशी तिनं संस्थेच्या कपाटातले मूळ फॉर्म मागून घेतले होते. मास्तरांनीच किल्ली दिली होती, कौतुकानं, की बघा, मुळापर्यंत जाणारी कुणीतरी आली.

"हे ते एकोणसत्तर," ती म्हणाली. "सगळ्यांवर तारीख आहे. मोजणीदाराची सही आहे, शेतकऱ्याची सही आहे. फक्त वजनाचा रकाना कोरा आहे. माणूस पोचलाच नसेल तर तारीख कुणी टाकली?"

तिनं वरचा फॉर्म उचलून वर्गाला दाखवला.

"आमच्यात चालच होती सर. चौकट आखली आणि आत कापायलाच काही नसलं, तर शून्य लिहायचं नाही. शून्य लिहिलं की वरून चौकशी यायची. खरंच गेला होतास का? तीन साक्षीदार आण. पुन्हा जाऊन मोज. जळलेलं शेत पुन्हा काय मोजणार? रकाना कोरा सोडला की कुणी हूं की चूं करायचं नाही. वडील म्हणायचे, कोऱ्याला कुणी विचारत नाही."

मास्तरांनी हात पुढे केला. तिनं गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

"चहा घेऊन या सगळे," ते म्हणाले. अजून साडेदहाच वाजले होते.

वर्ग रिकामा झाल्यावर मास्तरांनी फळ्याशी उभं राहून खडूनं भागाकार केला. एकशे एकाहत्तर गुणिले अकरा पूर्णांक दोन, भागिले दोनशे चाळीस. पुन्हा केला. सात पूर्णांक अठ्ठ्याण्णव. आठसुद्धा नाही.

मग ते एकेक फॉर्म उलटत गेले. शहाऐंशीव्या नंबरच्या शेतावर शेतकऱ्याच्या सहीच्या जागी दादाची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली. म्हणजे तो तिथे उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, आत काही नव्हतं म्हणून पुन्हा उपटल्या, आणि त्यानं सही केली. सरकारनं आपलं शेत बघितलं असं समजून तो निर्धास्त झाला असेल.

*

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात सांगून टाकलं. "कालचं उदाहरण चुकलेलं आहे. चूक माझी आहे. कोठार बंद करायला नको होतं." मग सगळ्यांना ती एकोणसत्तर शेतं शून्य धरून हिशेब पुन्हा करायला लावला. तीस पडद्यांवर सात पूर्णांक अठ्ठ्याण्णव उमटलं. या वेळी कुणी ओरडलं नाही. पोटवाले अधिकारी खाली बघून पुटपुटले, "सर, तेव्हाची यंत्रंच तशी होती. कोरं आलं की आपोआप वगळायची." मास्तरांनी मान हलवली. टाचणी त्यांच्याकडे बघत होती. तिला काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं, पण तिनं हात वर केला नाही.

संचालकांना दुपारपर्यंत कळलं. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक गोष्टीवर "पुढे बघू" म्हणायचा, म्हणून संस्थेत त्याला पुढेबघू साहेब म्हणत.

"मास्तर, हा संस्थेचा पाया आहे हो."

"पायाच पोकळ निघाला साहेब."

"तीन महिने राहिले तुमचे. सुखानं जा की. मंत्रालयात दोघे टपूनच बसलेत, परत बाहेरची कंपनी आणायला. आपल्या माणसांना हिशेब येत नाही असं म्हणायला त्यांना निमित्तच हवंय. तुम्ही माकडाच्या हाती कोलीत देताय."

"हिशेब येतो म्हणूनच चूक सापडली. आपण शिकवलेल्या बाईनं काढली. हेच लिहा ना तिकडे."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "मुद्दा चांगला आहे. पुढे बघू."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. अभ्यासक्रमाचं पुस्तक छापलं तेव्हा डोंगरपट्ट्याचा धडा त्यात नव्हता. दुरुस्तही नव्हता आणि चुकीचाही नव्हता, नव्हताच. त्या जागी दुसऱ्या एका जिल्ह्याचं गुळगुळीत उदाहरण आलं. कोठार पुन्हा उघडलं नाही. त्यात आता पाणीपुरवठ्याचे पाइप ठेवतात. टाचणी परत गेल्यावर तिनं आपल्या चाळीस मोजणीदारांना हुकूम काढला, पीक नसेल तर शून्य लिहा, चौकशी आली तर माझ्याकडे पाठवा. चौकशा आल्या. तिनं त्या अंगावर घेतल्या. एकवीस वर्षांच्या शिकवणीतून नक्की काय उभं राहिलं असं कुणी विचारलंच तर एवढं बोट दाखवता येईल.

पण मास्तरांचा जीव अडकला होता तो यात नव्हता. वर्गाला सांगणं सोपं गेलं होतं. घरी सांगायचं होतं.

*

शुक्रवारी ते लवकर घरी आले. खिडकीशी शिवणयंत्र, बाजूला निळ्या कापडाचा ढीग. मास्तरीणबाई काजं करत होती.

"आज लवकर? वर्गानं हाकललं की काय?"

"जरा बस इकडे."

"बसलेलीच आहे. बोला."

त्यांनी फॉर्म तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं आधी सही ओळखली. बोटातली सुई कापडात खोचली, कागद उजेडाकडे धरला. "दादाची आहे. हे कुठून आणलं?"

मास्तरांनी सांगितलं. वर्गात जसं सांगायचे तसंच, पायरी पायरीनं, कारण दुसऱ्या पद्धतीनं त्यांना येत नव्हतं. दोनशे चाळीस, एकशे एकाहत्तर, एकोणसत्तर. ती कागद हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे दादा खरं बोलत होता."

"हो."

"आणि मी त्याला उठवलं."

"तू नाही. मी..."

"तुम्ही गप्प बसला होतात. बोलले मी." तिनं कागदावरून अंगठा फिरवला, सहीच्या शेपटीवरून, कडेपर्यंत. "तुमचा शब्द धरून बोलले. तुम्ही काही म्हणाला असतात, थांब, मला एकदा बघू दे, एवढं जरी म्हणाला असतात."

मास्तरांनी खाली पडलेलं एक बटण उचलून यंत्रावर ठेवलं.

"एक सांगा मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुम्ही स्वतः अकरा वर्षं मोजायला जात होतात. उन्हातान्हात यायचात, मी तुमच्या धोतरातले काटे काढायचे. कोरा रकाना म्हणजे काय, हे त्या बाईच्या बापाला ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं?"

याच प्रश्नाला मास्तर तीन दिवस भीत होते. वर्गातही टाचणीच्या डोळ्यांत हाच होता. नव्हतं ठाऊक, असं म्हणता आलं असतं. यंत्रं तशी होती, असंही.

"होतं," मास्तर म्हणाले.

तिनं कागद मांडीवर ठेवला.

"मीसुद्धा कोरे सोडले होते. दर वर्षी दोनचार. सगळेच सोडायचे. टेबलावर आलो तेव्हा ते कोरे फॉर्म बघून मनात आलं होतं. एकदा आलं होतं, नाही असं नाही. मग वाटलं, वर जाऊन कसं सांगायचं? आमचेच लोक कोरे सोडतात असं सांगितलं तर म्हणतील, या लोकांना मोजताही येत नाही, बोलवा परत बाहेरच्यांना. पहिल्यांदाच आपल्या माणसाच्या हातात काम आलं होतं. मी लिहिलं, काही नमुने उपलब्ध झाले नाहीत. आणि पुढे एवढ्या वेळा शिकवलं की खरंच उपलब्ध झाले नव्हते असं वाटायला लागलं."

तिनं कागदाची नीट घडी घातली. मग सुई शोधायला लागली. ती समोर कापडातच होती, पण दिसत नव्हती. मास्तरांनी काढून द्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे."

दुसरा अख्खा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ हवंय का. दार लावा. गणवेश न्यायला माणूस येईल, त्याला सांगा, उद्या. मास्तरांनी एकदा म्हणून बघितलं, "तू ओरड तरी." ती म्हणाली, "ओरडायचं होतं ते ओरडून झालं. चुकीच्या माणसावर."

*

रविवारी ती वहिनीकडे निघाली. दादाच्या बायकोकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी फॉर्मची आणि नव्या हिशेबाची प्रत एका पाकिटात घालून दिली. "मी येऊ का?" विचारलं. तिनं चप्पल घालता घालता नुसती मान हलवली. मग दारातून म्हणाली, "तुम्ही आलात तर ती तुमच्याशी भांडेल आणि मी मधे पडेन. परत तेच."

दिवसभर मास्तरांनी काही केलं नाही. निळ्या कापडाच्या घड्या केल्या, त्या चुकल्या, परत केल्या. बसला चार तास जायला, चार यायला. ती आली तेव्हा दिवे लागले होते. पिशवी खाली ठेवून ती खुर्चीत बसली, पदरानं मान पुसली. पाकीट पिशवीत नव्हतं.

"काय म्हणाली वहिनी?"

"पाणी दिलं. बसा म्हणाली नाही. मी आपली उभीच." ती बाहेर बघत सांगत होती. "कागद घेतला. तिला चष्मा नाही, मग मीच वाचून दाखवला. सही दाखवली. सहीवरून हात फिरवत म्हणाली, वन्सं, हे आता मी कुणाला दाखवू?"

मास्तरांनी एक निळी घडी उचलून परत ढिगावर ठेवली.

"मी म्हटलं, वहिनी, मला शिव्या घाल. तर म्हणाली, तुमच्या दादानं कधी घातल्या नाहीत, मी कशाला घालू. कारखान्यात कुणी दाजींवरून काही बोललं की तो भांडायचा म्हणे. म्हणायचा, माझा दाजी चुकला असेल, पण लबाड नाही. त्याच्या हातून चूक झाली असेल. सापडली की तो स्वतः सांगायला येईल. म्हणे शेवटपर्यंत हेच. दाराकडे बघायचा."

मास्तर शिवणयंत्राच्या स्टुलावर बसले.

"मग तू...?"

"मी तिला चूक झाली एवढंच सांगितलं. तुम्हाला ठाऊक होतं, ते सांगितलं नाही."

मास्तरांनी मान वर केली.

"तुमच्यासाठी नाही," मास्तरीणबाई म्हणाली. "दादाला तेवढं एकच उरलं होतं. ते तरी त्याच्याकडे राहू दे."

ती उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला. एकच ताट काढल्याचा. मग थोड्या वेळानं दुसरं काढल्याचाही आला, पण तिनं हाक मारली नाही, आणि मास्तरांनाही उठून जायचा धीर झाला नाही.